हरकतीतला ओढा

आमच्या कॉलनीच्या हरकती मी लिहिल्या. सह्या घरोघरच्या होत्या, वाक्यं माझी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो, त्यामुळे माझं मराठी शुद्ध असणार, असं विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीनं फार पूर्वीच ठरवून टाकलं आहे. टाकी धुण्याची सूचना असो, गणपतीचं निमंत्रण असो, की कुणी गेल्यावर कोपऱ्यावर लावायचा फलक असो, कागद माझ्याकडे येतो. तशा या हरकतीही आल्या. त्या लिहिताना माझ्या मनात एक गोष्ट होती आणि ती मी कुणाला बोललो नाही. या हरकतींचा काही उपयोग होऊ नये, असं मला वाटत होतं.

गल्लीच्या टोकाला उसाचा मळा होता. आजूबाजूला बंगले, क्लासेस, मुलींची होस्टेलं झाली तरी तो तसाच राहिला होता. ऊस तुटून गेला की मालक पाचट पेटवायचे आणि काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडायची. तेव्हा आम्ही सगळे चिडायचो. मळा विकला गेल्याची बातमी आली त्या दिवसापासून मात्र तीच माणसं त्याला 'आपली हिरवळ' म्हणायला लागली. मीही म्हणायला लागलो.

मग वर्तमानपत्रात नोटीस आली. शेतीची जमीन राहण्यासाठी वापरायची आहे, कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी. नकाशा ऑफिसात बघायला ठेवला होता. रस्त्याच्या बाजूला दोन उंच टॉवर, खाली गाड्यांसाठी तळघर, मध्ये बाग. आणि मागच्या सखल कोपऱ्यात, टॉवरांच्या मागं दडल्यासारखी, चार मजल्यांची एक छोटी इमारत. तिच्याकडे मी नीट पाहिलंही नाही. आम्हा सगळ्यांचं लक्ष टॉवरांकडे होतं.

पहिली बैठक सुभेदारांच्या गच्चीवर झाली. सुभेदार म्हणजे आमच्या शेजारचे. मूळचे मेढ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर मुलाच्या कॉलेजसाठी इथं आले आणि इथलेच झाले. त्यांची भिंत मळ्याला लागून, म्हणजे सगळ्यात आधी टॉवर त्यांच्या अंगावर येणार.

"सर, ल्ह्या," ते खुर्चीत ताठ बसत म्हणाले. "पॉइंट नंबर एक. सूर्य."

"सूर्य असं कसं लिहायचं?"

"मंग काय ल्ह्यायचं? माज्या गच्चीवर सकाळपासनं ऊन असतंय. उद्या हे उभं ऱ्हायलं की दुपारी बारा वाजता उजाडणार. ही काय लडाखची पोस्टिंग हाय व्हय?"

सगळे हसले. मी 'नैसर्गिक प्रकाश व वायुविजन' असं लिहिलं. ते वाचून दाखवल्यावर सुभेदार म्हणाले, "हां. ह्यात माजा सूर्य कुटं गेला ते कळंना, पण साहेब लोकांस्नी असलंच कळतंय."

मग एकेकजण बोलू लागला. पाणी पुरत नाही. गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. ड्रेनेज आत्ताच तुंबतं. आणि पलीकडच्या बंगल्यातल्या काकू म्हणाल्या, "मेन म्हणजे माणसं कुठली येतील ते बघा. पूर आल्यापासनं नदीकाठची सगळी इकडंच जागा शोधायला लागलीत. आपली कॉलनी शांत आहे म्हणून आपण इथं राहिलो ना?"

बऱ्याच जणांनी मान डोलावली. मी खाली मान घालून लिहिलं, 'परिसरातील मूलभूत सुविधांवर लोकसंख्येचा अतिरिक्त ताण पडेल.' आणि ते वाक्य लिहिताना मला माझी थोरली बहीण दिसत होती, कारण त्या येणाऱ्या नदीकाठच्या माणसांत कोण आहे हे त्या गच्चीवर फक्त मला ठाऊक होतं. बैठकीच्या आधीच्या रविवारी ती माझ्या घरी येऊन गेली होती.

आक्काचं सासर नदीजवळ, जुन्या गावात. दाजींची पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, मागं दोन खोल्या. मोठ्या पुरात गिरणीच्या पट्ट्यापर्यंत नव्हे, छताच्या पत्र्यापर्यंत पाणी गेलं. मोटार, जात्याचे दगड, गिऱ्हाइकांचे डबे, सगळं चिखलात. ते साफ करून पुन्हा उभं केलं, तर दोन वर्षांनी परत पाणी. त्यानंतर दर पावसाळ्यात पाऊस लागून राहिला की आक्का नदीचं पाणी किती फुटांवर गेलं ते बघत राहते, आणि आकडा वाढला की गादीची वळकटी बांधून ठेवते.

दोन्ही वेळा ती माझ्याकडे राहिली. आमच्या कॉलनीत कधी पुराचं पाणी येत नाही. पुराच्या दिवसांत विश्रामबागेतल्या जवळजवळ प्रत्येक घरात खालच्या गावातलं कुणीतरी असतं, गल्लीत अनोळखी चपला आणि अनोळखी आवाज असतात. कॉलनीनं तेव्हा भाकऱ्या करून पाठवल्या, मीही पिशव्या वाहिल्या. पण घरात माणसं वाढली की टाकी लवकर रिकामी होते, न्हाणीघराबाहेर थांबावं लागतं. बायको भांडी जोरात ठेवत होती. आणि मी रोज सकाळी पाणी उतरलं का ते बघायचो. ते आक्काच्या घरासाठी बघायचो की माझ्या घरासाठी, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. आक्काला ते कळलं असणार. ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकून घ्यायची आणि दिवसभर काही ना काही निवडत बसायची, आमच्याच डब्यातले तांदूळ पुन्हा पुन्हा.

त्या रविवारी ती आणि दाजी आले, तेव्हा तिनं चहाचा कप हातात घ्यायच्या आतच सांगितलं.

"फ्लॅट बघितलाय आमी."

"कुठं गं?"

"तुज्याच गल्लीत की. मळ्यात हुतंय त्यात. नाव घालून आलोय." ती हसत होती. "आता पूर आला म्हणून तुज्याकडं वळकटी घिऊन यायला नको. तूच ये माज्याकडं लाईट गेली की. तितं जनरेटर हाय म्हणं."

दाजी म्हणाले, "आवं, अजून परवानगी यायची हाय. हिचा आत्तापास्नंच कुटला पडदा लावायचा ते चाललंय."

"मंग? पडदा पायजेच की. तुमास्नी काय, तुमी पिठातच असताय."

मी "वा, वा" म्हणालो. नोटिशीचं कात्रण माझ्या टेबलावर होतं, त्यावर मी पेपर सरकवला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आक्का गेल्यावर ती म्हणाली, "बरं झालं त्यांचं." मीही "बरं झालं" म्हणालो. कुठल्या इमारतीत, कितवा मजला, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मग हरकतींचं सांगावं लागलं असतं.

इथं मला हक्कसोडीचं सांगायला हवं. मी राहतो तो बंगला वडिलांचा. पलूसकडच्या गावातून नोकरीसाठी सांगलीला येऊन त्यांनी हा प्लॉट घेतला, हळूहळू बांधला. ते गेल्यावर रीतीप्रमाणे आक्कानं आपला हिस्सा सोडून दिला. आमच्याकडे बहिणी सोडतातच. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं, असं कुणी तोंडानं म्हणत नाही, पण सगळ्यांना ते माहीत असतं. मी मागितलं नव्हतं. मी 'नको' असंही म्हटलं नव्हतं. नोंदणीच्या ऑफिसात तिनं यंत्रावर अंगठा ठेवला, फोटोसाठी पदर नीट केला. बाहेर आल्यावर बायकोनं तिला साडी दिली आणि आम्ही सगळ्यांनी मिसळ खाल्ली. नातेवाईक म्हणाले, बहीण असावी तर अशी. मलाही तसंच वाटलं. पुराच्या वर्षी ती चिखलानं भरलेल्या पायांनी आमच्या फाटकात उभी राहिली, तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ती जिथं पाहुणी म्हणून आली आहे, त्या कोरड्या जमिनीत तिचाही वाटा होता.

म्हणून मी म्हणतो, माझी इच्छा हरकती वाया जाव्यात अशीच होती. मी स्वतःला समजावलं होतं. असल्या हरकतींनी कुठं काही थांबतं? टॉवर होणारच आहेत. आक्काला फ्लॅट मिळेल. आणि शेजारी म्हणतील, सरांनी जिवाचं रान केलं. कुणाचंच मन मोडणार नाही. आपलं काही चालत नाही, या गोष्टीचा मी आडोसा केला होता. त्यात मला बरं वाटत होतं, हेही लपवत नाही.

आक्काला हरकतींचं कळायला वेळ लागला नाही. सांगली ती केवढी! तिचा फोन आला तेव्हा ती नेहमीसारखं सगळ्यांची खुशाली विचारून म्हणाली, "तुमच्या कॉलनीनं अर्ज दिलाय म्हणं."

"हो. कॉलनीनं दिलाय. मी आपला लिहून दिला."

"असू दे. तितं ऱ्हायचं तर शेजाऱ्यास्नी धरूनच असावं लागतंय."

आणि ती गिरणीच्या आवाजात काहीतरी दुसरं बोलायला लागली. तिनं मला सोडवलं होतं. तेव्हा तरी मी विचारायला हवं होतं.

सुनावणीला आम्ही दहा-बारा जण गेलो. सुभेदारांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि आम्हाला बाहेर रांगेत उभं केलं. "एकानं बोलायचं. बाकीच्यांनी फक्त हजर ऱ्हायचं. सर बोलतील," असं त्यांनी बजावलं. आत साहेब दमलेले होते. आमच्या आधी दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्याची भांडणं ऐकून झाली होती. बिल्डरतर्फे एक तरुण इंजिनिअर आला होता, तो फार अदबीनं वागत होता.

मी वाचायला लागलो. प्रकाश, वारा, रस्ता, पाणी. साहेब मान हलवत होते, पेन टोपणात होतं. प्रत्येक मुद्द्याला इंजिनिअर नियमाचा आधार देत होता आणि ते बरोबरही असावं. रस्त्याची रुंदी बसत होती, अंतर बसत होतं. सुभेदार माझ्या मागं उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. सगळं मी धरून चाललो होतो तसंच होत होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण तसं झालं नाही. कुणी आपलं ऐकतच नाही म्हटल्यावर माझं डोकं तापलं.

शेवटच्या मुद्द्यात मी मोघम लिहिलं होतं, 'नैसर्गिक जलप्रवाहास बाधा.' साहेब म्हणाले, "जलप्रवाह कुठला? तिथं काही दिसत नाही. सगळेच अर्जदार हे लिहितात."

मी कागद खाली ठेवला आणि सांगायला लागलो. म्हणालो, आहे साहेब, ओढा आहे. आता गवत माजलंय, वरच्या बाजूला पाइप घातलाय, म्हणून दिसत नाही. आम्ही लहान होतो तेव्हा जोराचा पाऊस झाला की मळ्यातून गुडघाभर पाणी वाहायचं. माझ्या बहिणीची नवी चप्पल त्यात गेली होती. वडील मारतील म्हणून ती मला घेऊन पाण्याच्या कडेकडेनं चालत गेली. माझ्या सदऱ्याचं मागचं टोक तिनं धरून ठेवलं होतं. चप्पल मागच्या कोपऱ्यातल्या मोरीत अडकलेली सापडली. सगळं पाणी तिथूनच बाहेर पडायचं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "कुठला कोपरा? दाखवा."

मी पुढं झालो आणि नकाशावर बोट ठेवलं. बोटाखाली ती छोटी इमारत होती. इंजिनिअर पहिल्यांदाच गप्प झाला. साहेब म्हणाले, "हे बघायला लागेल." त्यांनी तिथं पेनानं गोल केला.

त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो आठवला की अजून कसंतरी होतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांसाठी फलक लिहीत होतो, आणि आज माझं बोलणं एका साहेबानं टोपण काढून ऐकलं होतं. आक्काचा फ्लॅट मला आठवला. नाही असं नाही. पण मला वाटलं, तिचा टॉवरमध्ये असेल. लोक जनरेटरचं, लिफ्टचं बोलतात म्हणजे टॉवरच. दाजींच्या ऐपतीचा विचार माझ्या मनात आला नाही. येऊ दिला नाही, असं म्हणणं जास्त खरं होईल.

नंतर जागेची पाहणी झाली. मीच बरोबर गेलो, मीच गवत बाजूला करून मोरीचे दगड दाखवले. बाहेर रस्त्यावर सुभेदार लहान मुलासारखे उड्या मारायचे बाकी होते.

निकाल लागला तो असा. टॉवरना हरकत नाही. दोन्ही होणार, ठरल्या उंचीचे होणार. ओढ्याची वाट मात्र मोकळी सोडायची, तिथं बांधकाम करायचं नाही. बिल्डरनं मागची छोटी इमारत काढून टाकली. त्याचं फारसं अडलं नाही. तिथं तसेही लहान लहान फ्लॅट होते.

सुभेदारांनी तरीही जिलेबी आणली. "सर, सूर्य गेला. पण एक चौकी तर घेतली आपण," ते म्हणाले आणि मग फाटकाशी उभं राहून बराच वेळ मळ्याकडे बघत राहिले. त्यांच्या हातातला जिलेबीचा पुडा तेलकट होत होता. मी त्यातल्या दोन जिलेब्या घरात नेल्या.

बायको कणीक मळत होती. मी म्हणालो, "निदान एक तरी इमारत रद्द झाली."

ती म्हणाली, "हो. आक्कांचीच."

मला वाटलं ती टोमणा मारतेय. "म्हणजे?"

तिचे हात थांबले. "म्हणजे काय? त्यांचा फ्लॅट त्याच इमारतीत होता. दुसऱ्या मजल्यावर. त्या रविवारी जाताना दाजी मला बोलले होते. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"अहो, टॉवरमधला त्यांना परवडेल का? मला वाटलं तुम्हाला सगळं ठाऊक आहे. ठाऊक असूनही कॉलनीच्या बाजूनं उभे राहिलात. मी मनात म्हटलं, माणूस तत्त्वाचा आहे." ती पुन्हा कणीक मळायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मीच बोलायला हवं होतं."

मी त्याच संध्याकाळी जायला हवं होतं. गेलो नाही. दोन दिवस तोंड चुकवलं आणि मग कॉलेज सुटल्यावर गेलो. गिरणी चालू होती. दाजी पट्ट्याला काहीतरी लावत होते, केस, भुवया, सगळं पांढरं. आक्का डबे लावून ठेवत होती. मला बघून तिनं एक पालथा डबा पुढं सरकवला, त्यावर बस म्हणून.

गिरणी बंद होईपर्यंत काही बोलता येईना. बंद झाल्यावरही मला सुरुवात जमेना. शेवटी तीच म्हणाली, "लय बोललास म्हणं सायबांपुढं. सगळी सांगत्यात."

"आक्का, मला ठाऊक नव्हतं तुझा त्याच इमारतीत आहे ते."

"इचारलं न्हाईस."

"नाही विचारलं."

"मी तरी कुटं सांगितलं? टावरात न्हाई, मागच्या बारक्यात हाय, आसं सांगायला मला बी लाज वाटली आसंल." तिनं हातातलं फडकं झटकलं. "आनि वढा हुताच की रं तितं. खोटं कुटं बोललास?"

"चपलेचं मी सांगितलं त्यांना," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग ती हसली, पण ते हसू पुरं झालं नाही. "माजी चप्पल," एवढंच म्हणाली.

दाजी हात पुसत आले. "पैसं दिलं त्यांनी माघारी. चांगली माणसं हायत. काय वाकडं झालं न्हाई," ते मलाच धीर देत म्हणाले. मी टॉवरमधल्या फ्लॅटचं विचारलं. दाजी पुन्हा हात पुसायला लागले, आणि माझा मलाच राग आला.

तेव्हा मी रस्ताभर घोकत आणलेलं बोललो. म्हणालो, "आक्का, माझ्या घरावर मजला चढवू. तुझ्यासाठी. वडिलांचं घर आहे, तुझंच आहे."

"आनि हरकत कोन घेनार?" ती म्हणाली.

दाजी मोठ्यानं हसले. मीही हसलो. मग आक्का हलक्या आवाजात म्हणाली, "वैनीला इचारलंस का? पोरं मोठी व्हत्यात तुजी. आसलं बोलून जाऊ नगं बाबा. बोललेलं मानसाच्या डोक्यात ऱ्हातंय." खरं होतं. मी बायकोला विचारलं नव्हतं. घरी गेल्यावर विचारलं. ती म्हणाली, "बघू की." आणि आम्ही अजून बघतो आहोत. मजला चढला तर सुभेदारांचं उरलंसुरलं ऊन जाईल, हा विचारही माझ्या मनात येऊन गेला. अडचण शोधायला माझं मन फार तयार असतं.

टॉवरचं काम सुरू झालं. तळघराचा खड्डा खणला, रात्रंदिवस पंप चालू झाले. सुभेदारांच्या भिंतीला तडा गेला, त्यांनी त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या, मी त्याचाही अर्ज लिहून दिला. पोच मिळाली. ते आता गच्चीवर फारसे बसत नाहीत. मागचा कोपरा तारेचं कुंपण घालून मोकळा ठेवला आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो बरोबर समोर दिसतो. नुसतं गवत.

यंदा पाऊस असा लागला की धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या सकाळ-संध्याकाळ यायला लागल्या. पुलाजवळ पाणी चढत होतं. मी फोन केला, "आक्का, सामान बांध, मी येतो." ती "बरं" म्हणाली. मी रिक्षा घेऊन गेलो. तिच्या गल्लीच्या खालच्या तोंडाला पाणी आलेलं होतं, तांबूस आणि गप्प. दाजी आणि शेजारचे दोघे साखळी लावून मोटार वर ओढत होते. आक्काची वळकटी बांधलेली होती, पिशव्या भरलेल्या होत्या. मी वळकटी उचलली.

"ती ठेव," ती म्हणाली. "ते डबे घे आदी. गिऱ्हाइकांचे हायत. भिजलं तर लोकांचं धान्य जाईल."

मी आणि रिक्षावाल्यानं डबे भरले. पत्र्याचे, स्टीलचे, झाकणावर रंगानं खुणा केलेले. रिक्षात माझ्याशिवाय दुसऱ्या माणसाला बसायला जागा उरली नाही. मी म्हणालो, "हे टाकून परत येतो तुम्हाला न्यायला."

"नगं. आमी शाळंत जातोय. गल्लीतली सगळी तितंच हायत."

"शाळेत? माझं घर असताना?"

"तुजं घर हाय की. मी कुटं न्हाई म्हनतीया?"

"मग चल ना. रागावलीस का माझ्यावर?"

"राग न्हाई रं." ती दाजींकडे बघत होती, साखळी नीट धरली आहे का ते. "तुज्या सैपाकघरात मी भांडी घासाय उभी ऱ्हायली की म्होरं ती मोकळी जागा दिसनार. दुसरा मजला कुटपातूर आला आसता ते मी बघत ऱ्हानार. आनि तू माज्याकडं बघत ऱ्हानार. कशाला? शाळंत बरं हाय."

पाऊस वाढला होता. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, चला, नाहीतर पलीकडचा रस्ता बंद होतोय." आक्कानं प्लास्टिकचा कागद डब्यांवर नीट खोचला आणि मला निघायची खूण केली, कामाच्या माणसाला करतात तशी.

घरी डबे व्हरांड्यात उतरवले. फवारा आत येत होता म्हणून ते भिंतीशी लावले, पुन्हा आणखी आत घेतले. एवढ्यात सुभेदारांनी कुंपणापलीकडून हाक मारली, "सर, अवो सर! या, बघा! तुमचा वढा!" मी छत्री घेऊन गेलो. मोकळ्या कोपऱ्यातून गढूळ पाणी भरून वाहत होतं, मोरीपाशी फेस धरत होतं. "तुमी सांगितलं त्येच्या बरुबर जाग्यावर! लोकांनी घरं घेतली आसती तर काय झालं आसतं?" सुभेदार म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. गुडघाभरही पाणी नव्हतं. मी 'हो' म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं यायला लागली. डबे इकडं आहेत असं आक्कानंच त्यांना सांगितलं होतं. कुणी दुचाकीवरून, कुणी चालत. आपला डबा ओळखून, झाकण उघडून, दळण झालंय की तसंच आहे ते बघून घेऊन जायचे. सगळेच इथं नातेवाइकांकडे उतरलेले. एक म्हातारी नातीबरोबर आली. तिचा डबा शोधून दिला तेव्हा ती घराकडे बघत म्हणाली, "आक्का आत हाय का? भेटून जाते."

"नाही. शाळेत आहे."

"शाळंत?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी कोन तिचं?"

"भाऊ."

ती वळून नातीच्या मागं गाडीवर बसली. नातीनं गाडी चालू केली. मी डबा उचलून म्हातारीच्या मांडीवर नीट ठेवून दिला, झाकण घट्ट आहे ना ते दाबून पाहिलं, आणि गाडी गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत फाटकात उभा राहिलो.